रेंडर इंजिन नंतर, टेक्श्चर आधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या तंत्रज्ञान पुरवणीत आर्किटेक्चरल व्हिज्युअलायझेशनसाठी (म्हणजे न बांधलेल्या घराची खरी वाटणारी चित्रं काढण्यासाठी) कोणतं रेंडरिंग सॉफ्टवेअर घ्यावं, यावरचा लेख आणि त्याखालचा तक्ता मी दोनदा वाचला. वेग, शिकायला सोपं की अवघड, चित्राचा दर्जा असे रकाने, आणि प्रत्येक नावापुढे तारे. लेखकाने कष्ट घेतले आहेत हे दिसतं. आमच्या कामाबद्दल मराठीत कुणी फारसं लिहीत नाही, त्यामुळे आपण पानभर जागा दिलीत याचा मला मनापासून आनंद झाला. पण त्या अख्ख्या पानात टेक्श्चर (मॉडेलच्या पृष्ठभागावर चढवायचं लाकूड, वीट, कापड यांचं चित्र) हा शब्द एकदाच आला, तोही ‘सोबत टेक्श्चरची मोठी लायब्ररी मिळते’ एवढ्यापुरता. मी २००६ पासून हेच काम करते आहे. या कामातल्या बहुतेक चुका आणि क्लायंटशी होणारे वाद त्या एका वाक्यात दडलेले असतात, म्हणून हे पत्र लिहायला बसले.

आधी माझी स्वतःची चूक सांगते. एका घराच्या दिवाणखान्याचा व्ह्यू करायचा होता. जमिनीला लाकडी पट्ट्या, प्रत्येक पट्टी १२ सेंटिमीटर रुंद, असं आर्किटेक्टच्या ड्रॉइंगवर स्पष्ट लिहिलं होतं. मी एका लायब्ररीतून ओक लाकडाचं टेक्श्चर घेतलं. फार सुरेख होतं, रेषा, गाठी, कडांचा किंचित गडदपणा, सगळं जिथल्या तिथे. त्या फाइलमध्ये शेजारी शेजारी २० पट्ट्या होत्या. म्हणजे ते खऱ्या मापात २.४० मीटर रुंदीला बसवायला हवं होतं. फाइलसोबत माप दिलेलं नव्हतं आणि मी पट्ट्या मोजल्या नाहीत. डोळ्यांना बरं दिसेल तसं ताणत ४ मीटरवर नेलं. पट्टी झाली २० सेंटिमीटरची. चार मीटर रुंद खोलीत खऱ्या ३३ पट्ट्या बसल्या असत्या, माझ्या चित्रात २० होत्या. सांधे कमी, त्यामुळे जमीन शांत आणि खोली ऐसपैस. चित्र पाहून क्लायंट बेहद्द खूश.

घर बांधून झालं तेव्हा त्या बाई माझ्या चित्राची प्रिंट हातात घेऊन त्याच खोलीत उभ्या होत्या. मीही होते. त्यांनी आवाज चढवला नाही. एकदा चित्राकडे पाहिलं, एकदा खाली पाहिलं, मग वाकून बोटाने पट्ट्या मोजायला लागल्या, आधी जमिनीवरच्या आणि मग चित्रातल्या. ‘तुम्ही दाखवलेली खोली ही नाही,’ एवढंच म्हणाल्या. सुताराने ड्रॉइंगप्रमाणे काम केलं होतं. आर्किटेक्टने माप बरोबर लिहिलं होतं. रेंडर इंजिनाने, म्हणजे प्रकाशाचं गणित करून मॉडेलचं चित्र काढणाऱ्या सॉफ्टवेअरने, तर मी दिलेल्या पट्ट्यांवर प्रकाश अगदी चोख पाडला होता. खोटं होतं ते फक्त माझं स्केल, आणि प्रकाश जितका खरा तितकं ते खोटं जास्त पटलं होतं.

तेव्हापासून माझ्या कामाचा क्रम उलटा झाला. नवीन माणसाने मला विचारलं की कुठलं सॉफ्टवेअर घेऊ, तर मी आधी विचारते की टेक्श्चर कुठून आणणार, कुठे ठेवणार, आणि दहा वर्षांनी ती तुमच्याकडे असतील का. त्या उत्तरावर इंजिन ठरतं. हे ऐकून पुष्कळांना नवल वाटतं, म्हणून इंजिनांविषयी थोडं सांगते.

१९८६ साली जेम्स काजिया यांनी रेंडरिंग इक्वेशन मांडलं. एखाद्या बिंदूपासून डोळ्याकडे येणारा प्रकाश म्हणजे तो बिंदू स्वतः देत असलेला प्रकाश, अधिक चहूबाजूंनी त्यावर येऊन परतणारा प्रकाश, असा त्याचा साधा अर्थ. व्ही-रे, कोरोना, ब्लेंडर या मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमधलं सायकल्स ही तिन्ही इंजिनं आपापल्या वाटेने तेच गणित सोडवतात. व्ही-रे बल्गेरियातल्या सोफियाचं, २००२ मध्ये आलं. कोरोनाची सुरुवात २००९ मध्ये प्रागच्या चेक टेक्निकल युनिव्हर्सिटीत एका विद्यार्थ्याच्या प्रकल्पातून झाली, आणि २०१७ मध्ये ते व्ही-रेच्याच केऑस कंपनीकडे गेलं. सायकल्स ब्लेंडरमध्ये २०११ च्या अखेरीस आलं. सुरुवातीच्या वर्षांत त्यांच्यात खरोखरच मोठा फरक होता. मी शिकत होते तेव्हा इरेडियन्स मॅप आणि लाइट कॅश या प्रकाशाच्या हिशोबाच्या पद्धतींच्या सेटिंगमध्ये रात्र जायची. सकाळी येऊन पाहावं तर छताच्या कोपऱ्यात ओल आल्यासारखे डाग. ते डाग कुठल्या आकड्याने जातील हे ज्याला माहीत, तो ऑफिसातला जाणकार. आज ती विद्या जवळजवळ कुणाला लागत नाही. तीच खोली, तोच सूर्य, तीच मटेरियल या तीन इंजिनांत दिलीत तर चित्रांतला फरक शोधावा लागतो.

त्यात २०१२ नंतर आणखी एक गोष्ट झाली. डिस्नेचे ब्रेंट बर्ली यांनी मटेरियलचं एक सुटसुटीत मॉडेल मांडलं, ज्यात मूळ रंग, रफनेस (खरबरीतपणा), मेटॅलिक (धातूसारखेपणा) असे थोडेच गुण हाताळायचे. थोड्याफार फरकाने सगळ्यांनी ते उचललं. त्यामुळे रंग, रफनेस, नॉर्मल (बारीक उंचसखलपणा भासवणारा) आणि डिस्प्लेसमेंट (पृष्ठभाग खरोखर वर-खाली करणारा) असा व्यवस्थित केलेला टेक्श्चरचा संच आज एका इंजिनातून दुसऱ्यात सहज नेता येतो. जुन्या संचांमध्ये रफनेसऐवजी ग्लॉसिनेस (गुळगुळीतपणा) असतो, तो उलटवून घ्यावा लागतो, एवढंच. इंजिन बदलता येतं. वर्षानुवर्षं जमवलेली, मापं टाकलेली, पारखून घेतलेली टेक्श्चर बदलता येत नाहीत.

म्हणून इंजिन निवडताना ताऱ्यांवर जाऊ नये, स्वतःची चाचणी करावी. माझ्याकडे त्यासाठी एक खोली आहे. पाच मीटर बाय चार, एकच खिडकी, तीन पांढऱ्या भिंती आणि एक विटांची. खिडकीला पातळ पडदा, मागून उजेड. एक काचेचा ग्लास, अर्धा पाण्याने भरलेला. एक पितळी नळ. जाड विणीचा गालिचा. लाकडी टेबल, त्याची कड गोलसर घासलेली. ही यादी मी मुद्दाम अशी ठेवली आहे, कारण प्रत्येक वस्तू इंजिनाची एकेक परीक्षा घेते. पडद्यातून गाळून येणारा प्रकाश भिंतीवर मऊ पडतो का? ग्लासमधल्या पाण्याची कड काळी तर पडत नाही? काचेचा अपवर्तनांक साधारण १.५, पाण्याचा १.३३, आणि दोन्ही जिथे भिडतात तिथे मॉडेल चुकलं की लगेच दिसतं. पितळी नळावर खिडकीचं प्रतिबिंब ताणलं जातं की नुसता पिवळा ठिपका उरतो? छताचा कोपरा किती वेळाने स्वच्छ होतो?

या शेवटच्या प्रश्नाचं गणित ठाऊक नसेल तर लोक वेगाच्या जाहिरातींना भुलतात. पाथ ट्रेसिंगमध्ये, म्हणजे प्रकाशाच्या एकेका किरणाचा माग काढण्याच्या पद्धतीत, नॉइज (चित्रातले दाणे) निम्मा करायचा तर सॅम्पल (प्रत्येक पिक्सेलमागे तपासलेले किरण) चौपट लागतात. दहा मिनिटांत बरं दिसणारं चित्र दुप्पट स्वच्छ व्हायला वीस मिनिटं पुरत नाहीत, चाळीस लागतात. म्हणून आता सगळे डीनॉइझर (हे दाणे पुसणारं सॉफ्टवेअर) लावतात, मीही लावते. इंटेलचा ओपन इमेज डीनॉइझ आणि एनव्हिडियाचा ऑप्टिक्स हे दोन्ही उत्तम आहेत. पण त्यांना कमी सॅम्पलचं चित्र दिलंत की ते गालिच्याची वीणच नॉइज समजून पुसतात. माझ्या चाचणीत गालिचा आहे तो याचसाठी. चित्र दोनशे टक्के मोठं करून पाहायचं, दोरे सुटे दिसतात की मेणासारखा एकसंध थर दिसतो. टेक्श्चर निवडण्यात तासन् तास घालवायचे आणि शेवटच्या पायरीवर ते पुसून टाकायचं, हे फार होतं.

तिन्हींपैकी कुठलं घ्यावं, हे मग तुमच्या यंत्रावर आणि मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरवर अवलंबून आहे. कोरोना प्रोसेसरवर चालतं, आणि थ्रीडीएस मॅक्स किंवा सिनेमा फोरडी वापरणाऱ्यांसाठी आहे. आतल्या खोल्यांच्या व्ह्यूसाठी मला ते सगळ्यात कमी छळणारं वाटतं. व्ही-रे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्हींवर चालतं आणि कितीतरी सॉफ्टवेअरमध्ये बसतं, त्यामुळे ज्या ऑफिसात स्केचअप, राइनो आणि मॅक्स एकत्र नांदतात तिथे तेच सोयीचं. ब्लेंडर मुक्त आहे. २००२ मध्ये लोकांनी वर्गणी काढून त्याचा सोर्स कोड मोकळा करून घेतला आणि आजही ते कुणाच्या सबस्क्रिप्शनवर अवलंबून नाही. एकट्याने काम सुरू करणाऱ्याला मी आज बिनदिक्कत तेच सांगते.

रिअल-टाइमवाल्यांबद्दल, म्हणजे बदल केला की लगेच चित्र दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल, थोडक्यात. एन्स्केप, ल्युमिऑन, ट्विनमोशन, डी-फाइव्ह ही रोजच्या चर्चेसाठी वरदान आहेत. क्लायंट शेजारी बसलेला असताना खिडकी अर्धा मीटर सरकवून दाखवता येते, याचं मोल मला कमी लेखायचं नाही. मात्र त्यांच्यासोबत येणाऱ्या तयार लायब्ररीकडे नीट पाहा. ल्युमिऑनमधलं झाड किंवा खुर्ची त्याच्या बाहेर नेता येत नाही. त्यांच्यावर उभं केलेलं काम त्या सॉफ्टवेअरपाशी बांधलं जातं. तक्त्यात ‘मोठी लायब्ररी’ हा गुण म्हणून नोंदला होता, पण मला ते कुलूप वाटतं.

आता टेक्श्चरकडे येते, आणि इथे मला जरा जास्त जागा द्या.

कुठलीही लायब्ररी पाहताना माझा पहिला प्रश्न मापाचा असतो. फाइलसोबत ‘२ मीटर बाय २ मीटर’ असं काही लिहिलं आहे का? पॉली हेवन या मोफत टेक्श्चरच्या संकेतस्थळावर बहुतेक टेक्श्चरला प्रत्यक्ष माप दिलेलं असतं, आणि हे मी त्यांच्या सौंदर्यापेक्षा मोठं मानते. माप नसेल तर फाइलमध्ये मोजता येईल असं काहीतरी शोधायचं, वीट, फरशी, पट्टी. तेही नसेल, म्हणजे नुसता गिलावा किंवा काँक्रीट असेल, तर मी ते क्लायंटच्या कामात वापरत नाही, कितीही देखणं असो. टाइल आणि लॅमिनेट बनवणाऱ्या पुष्कळ कंपन्या आपापल्या मालाचे स्कॅन देतात. जो माल प्रत्यक्ष बसणार आहे त्याचाच स्कॅन मिळत असेल तर दुसरीकडे पाहूच नये.

माप कळलं की रिझोल्यूशन किती लागेल हेही कळतं. लोक डोळे मिटून ८के (८१९२ पिक्सेल रुंद) फाइल डाउनलोड करतात. जरा हिशोब करू. ए३ आकाराची प्रिंट ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) काढायची तर लांबीला सुमारे ४९६० पिक्सेल लागतात. चार मीटरची भिंत त्या चित्राची पूर्ण लांबी व्यापत असेल तर प्रत्येक सेंटिमीटरला साडेबारा पिक्सेलच्या आसपास आले. ४०९६ पिक्सेलचं टेक्श्चर दोन मीटरला बसवलं तर सेंटिमीटरला वीस पिक्सेल मिळतात. म्हणजे भिंतीला ४के पुरून उरतं. ८के लागतं ते कॅमेऱ्याच्या अगदी पुढ्यात असलेल्या टेबलाच्या कडेला. आणि हार्ड डिस्कवर आठ-दहा एमबीची दिसणारी जेपेग फाइल रेंडर करताना उलगडली जाते, हे विसरू नये. कॉम्प्रेशन नसेल तर चार चॅनेलचा ४के मॅप (टेक्श्चरच्या संचातली एक फाइल) ६४ एमबी व्यापतो, ८के मॅप २५६ एमबी. एका मटेरियलला असे चार मॅप असले की १ जीबी झाला. ८ जीबीच्या ग्राफिक्स कार्डात अशी आठ मटेरियलही मावणार नाहीत, कारण मॉडेललाही जागा हवी. ‘सॉफ्टवेअर क्रॅश होतं’ अशी जी ओरड असते, तिच्यातली निम्मी तरी इथली असावी असं मला वाटतं. ग्राफिक्स कार्डवर रेंडर करणाऱ्याने तर टेक्श्चरचा हा हिशोब करूनच कार्ड घ्यावं.

दुसरा प्रश्न रंगाचा. भिंत पांढरी म्हटली की नवखा माणूस २५५ हा सगळ्यात मोठा आकडा टाकतो. इतकी पांढरी गोष्ट जगात नाही. ताजा पांढरा रंगही पडलेल्या प्रकाशातला साधारण ८० टक्केच परत पाठवतो, म्हणजे एसआरजीबी या स्क्रीनच्या नेहमीच्या रंगपद्धतीत २३१ च्या जवळ. २५५ दिलंत की प्रकाश भिंतीभिंतींवर आपटत राहतो आणि जिरतच नाही. कोपऱ्यातल्या सावल्या विरघळतात, खोली दुधात बुडाल्यासारखी दिसते, आणि रेंडरलाही वेळ जास्त लागतो. उलट टोकाला कोळसा असतो, तोही चार टक्क्यांच्या आसपास प्रकाश परत देतो, शून्य नाही. चांगली लायब्ररी हे आकडे सांभाळते. वाईट लायब्ररीत फोटोतलं ऊन आणि सावली टेक्श्चरमध्येच भाजलेली असते. विटेच्या प्रत्येक उंचवट्याखाली डावीकडची सावली, आणि तुमच्या सीनमधला सूर्य मात्र उजवीकडून. पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण भिंत चिकटवल्यासारखी वाटते.

रंगाबद्दल आणखी एक, कारण यावरून मी वाद पाहिले आहेत. ब्लेंडरमध्ये ४.० पासून एजीएक्स हे व्ह्यू ट्रान्सफॉर्म (हिशोबातला प्रकाश स्क्रीनच्या रंगांत उतरवणारी पद्धत) आपोआप लागलेलं असतं. प्रकाशाच्या दृष्टीने ते फार चांगलं आहे, भगभगीत उजेड मऊ उतरतो. पण क्लायंटने निवडलेली रंगाची चिप जशीच्या तशी भिंतीवर दिसेल ही अपेक्षा तिथे धरू नये, भडक रंग त्यात फिके पडतात. क्लायंटला हे आधी सांगावं आणि चिप वेगळी दाखवावी.

माझ्याकडे शिकायला असलेली एक मुलगी परवा म्हणाली, ‘मॅडम, विटा आत गेल्यात आणि सिमेंट बाहेर आलंय.’ मी तिच्या स्क्रीनवर पाहिलं. खरंच, सांधे फुगलेले होते आणि विटा दबलेल्या. चूक तिची नव्हती. नॉर्मल मॅपच्या दोन पद्धती आहेत, ओपनजीएल आणि डायरेक्टएक्स, आणि दोघींत हिरवा चॅनेल (वर-खालची दिशा सांगणारा) एकमेकांच्या उलट असतो. ब्लेंडर ओपनजीएल मानतं, अनरियल हे गेम इंजिन डायरेक्टएक्स. फाइल एकीकडची, इंजिन दुसरीकडचं. हिरवा चॅनेल उलटवला आणि भिंत जागेवर आली. पण तिने ते ओळखलं कारण समोर वीट होती. गिलाव्यात, चामड्यात, कापडात हीच चूक महिनोन् महिने कुणाच्या लक्षात येत नाही. नुसतं वाटत राहतं की हे कापड काही कापड दिसत नाही. त्याच दिवशी तिच्या सीनमधला रफनेस मॅपही एसआरजीबीवर ठेवलेला सापडला. रफनेस आणि नॉर्मल हे रंग नसतात, आकडे असतात, त्यांना कलर स्पेसचा हात लागता कामा नये. लायब्ररी निवडताना फाइलच्या नावात हे सगळं स्पष्ट लिहिलेलं आहे का, हे पाहा. नावं नीट ठेवणाऱ्या लायब्ररीने बाकीचं कामही नीट केलेलं असतं, असा माझा अनुभव आहे.

आणि पुनरावृत्ती. सीमलेस म्हणजे कडा जुळतात, एवढाच अर्थ. लाकडातली एक ठळक गाठ लांबलचक पॅसेजमध्ये तिरक्या रेषेत पाच वेळा उगवली की डोळा तिथेच अडकतो. व्ही-रे आणि कोरोनात यूव्हीडब्ल्यू रँडमायझर (टेक्श्चर जागोजागी सरकवून-फिरवून लावणारी सोय) आहे, त्याने बराच भार हलका होतो. तरी मी ठळक गाठीची टेक्श्चर मोठ्या पृष्ठभागाला वापरत नाही. लायब्ररीत नमुना दाखवणाऱ्या छोट्या गोळ्यावर जे सगळ्यात आकर्षक दिसतं ते जमिनीवर सगळ्यात लवकर पकडलं जातं.

हवं ते कुठेच मिळत नाही तेव्हा मी स्वतः फोटो काढते. ढगाळ दिवस, कॅमेरा भिंतीला अगदी समांतर, कडेला मोजपट्टी आणि १८ टक्क्यांचं ग्रे कार्ड. चकाकी असेल तर फ्लॅशवर आणि लेन्सवर एकमेकांना काटकोनात फिरवलेले पोलरायझर, म्हणजे वरची झाक जाते आणि खालचा खरा रंग उरतो. हाताने केलेल्या एका खरबरीत गिलाव्यासाठी मी असा दीड दिवस घालवला. करणीचे अर्धगोल फटकारे त्यात दिसतात, एकाच माणसाच्या हाताचे, त्याच्या हाताच्या आवाक्याएवढे. त्यातून साधारण दीड मीटरचा तुकडा तयार झाला. आजवर तो अकरा कामांत वापरला आहे आणि एकदाही कुणी म्हटलं नाही की भिंत वेगळी निघाली.

शेवटी हक्कांचा विषय, तुमच्या लेखात तो अजिबात नव्हता. सहा वर्षांपूर्वीचं एक काम मला पुन्हा उघडावं लागलं, घराला एक खोली वाढवायची होती. फाइल उघडली आणि न सापडलेल्या मॅपची यादी स्क्रीनभर खाली सरकत राहिली. ज्या लायब्ररीचं सबस्क्रिप्शन घेऊन ती टेक्श्चर वापरली होती ती बंद पडली होती. मी फाइल प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये कॉपी केल्या नव्हत्या, तिच्याच ॲपच्या भरवशावर ठेवल्या होत्या. जुन्या भिंतींशेजारी नवी भिंत दाखवायची, आणि माझ्याकडे जुन्याच भिंती उरल्या नव्हत्या. चार दिवस प्रिंट समोर ठेवून मी त्या पुन्हा जुळवत बसले.

अटी बदलतात, हे गृहीत धरावं. क्विक्सेलची मेगास्कॅन्स ही फार उत्तम स्कॅनची लायब्ररी. २०१९ मध्ये ती एपिक गेम्सने घेतली आणि अनरियलमध्ये वापरणाऱ्यांना मोफत झाली. २०२४ मध्ये ती फॅब या नव्या बाजारात गेली, त्या वर्षअखेरपर्यंत सगळ्यांसाठी मोफत होती, त्यानंतर विकत. ज्यांनी मुदतीत आपल्या खात्यात घेऊन ठेवली त्यांची ती राहिली. यात कुणाची चूक नाही, पण ज्याने लक्ष ठेवलं नाही त्याचं नुकसान झालं. याउलट पॉली हेवन आणि अँबियंटसीजी या लायब्ररी सीसी झिरो या सगळे हक्क सोडून देणाऱ्या लायसन्सखाली आहेत. वापरा, बदला, विका, सीनसोबत दुसऱ्याला द्या, परवानगी लागत नाही. ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची आहे, कारण क्लायंट पुष्कळदा मॉडेलची मूळ फाइल मागतो आणि अनेक विकतच्या लायब्ररी टेक्श्चर पुढे देऊ देत नाहीत. इमेज सर्चमधून उचललेल्या फोटोबद्दल तर बोलायलाच नको. तो तुमचा नाहीच. मी आता प्रत्येक टेक्श्चरच्या फोल्डरमध्ये एक छोटी टेक्स्ट फाइल ठेवते: कुठून घेतलं, कधी, कुठल्या लायसन्सवर, खरं माप किती, नॉर्मल मॅप कुठल्या पद्धतीचा. पाच ओळी. लिहायला मिनिट लागतं.

आपण हा तक्ता पुन्हा छापणार असाल तर माझी विनंती आहे की ताऱ्यांचा एक रकाना काढून तिथे तीन नवे घाला: सोबतची टेक्श्चर बाहेर नेता येतात का, ती खऱ्या मापासह येतात का, आणि सबस्क्रिप्शन संपल्यावर जुनी फाइल उघडते का. ब्लेंडरची ओळ मी आत्ताच भरून देते. सोबत लायब्ररी जवळजवळ नाहीच, टेक्श्चर तुम्ही आणाल ती आणि तुमच्याच फोल्डरमध्ये राहतील, माप तुम्ही टाकाल ते, आणि सबस्क्रिप्शनचा प्रश्नच नाही. बाकीच्या ओळींसाठी आपल्या लेखकांना माझी चाचणीची खोली हवी असेल तर कळवा, पडदा, ग्लास, गालिचा सगळ्यासकट पाठवते. तिच्यातलं एकूण एक टेक्श्चर सीसी झिरो किंवा माझं स्वतःचं आहे, त्यामुळे ती आपल्या वाचकांनाही देता येईल.

आपली,
एक आर्किटेक्चरल व्हिज्युअलायझर